बडग्याला घातलेला शर्ट

भिवापूरला माझी आई मिरचीचे देठ खुडायला जायची. संध्याकाळी तिच्या बोटांची इतकी आग होत असे की ती आम्हा भावंडांना हात लावत नसे. त्या बोटांच्या जोरावर मी शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं श्रेय नागपूरच्या इतवारीतल्या एका काकूंचं आहे. त्यांच्या घरात मागच्या बाजूची खोली मी भाड्यानं घेतली होती. भाडं ठरलं होतं ते फक्त खोलीचं. जेवणाचं काही ठरलं नव्हतं, तरी चार वर्षं मी त्यांच्याच चुलीपाशी जेवलो.

काकूंचे यजमान गिरणीत होते, मी येण्याआधीच ते गेले होते. घरात काकू आणि त्यांचा एकुलता मुलगा. तो माझ्याहून वर्षभरानं मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणे. तो मला ‘भिवापूर’ म्हणायचा. सायकल कुठे लावायची, केस कुठे कापायचे, मुलाखतीत ‘मले’ म्हणायचं नाही, ‘मला’ म्हणायचं, हे सगळं त्यानं शिकवलं. शाळामास्तराच्या नोकरीसाठी मी मुलाखतीला गेलो, तेव्हा अंगात त्याचीच पॅन्ट होती, आणि नोकरी लागली.

ते डिस्कोचे दिवस होते. भाऊ फार सुरेख नाचायचा. गल्लीतल्या वरातीत बँडवाले त्याला पाहून चाल बदलत. त्यानं कल्ले वाढवले होते आणि जांभळ्या, चकाकत्या कापडाचा मोठ्या कॉलरचा एक शर्ट शिवून घेतला होता. गल्लीनं त्याचं नाव ‘डिस्को’ ठेवलं होतं.

एका हॉटेलात रविवारी दुपारी पडदे ओढून नाच चालत असे. एकदा त्यानं मलाही नेलं. आत जाण्याआधी पानठेल्यामागे चार-पाच पोरांनी चहाबरोबर एकेक पांढरी गोळी घेतली. ती झोपेची गोळी होती. पोरं तिला ‘बटन’ म्हणत. गोळी घ्यायची आणि झोप येऊ द्यायची नाही, नाचत राहायचं, म्हणजे अंग कापसासारखं होतं, असं भाऊनं मला समजावलं.

“घेतं का बे भिवापूर?”

“नको भाऊ.”

“तू मिरचीवरच राय.”

आत तासाभरानं एक मुलगा काचेच्या टेबलावर पडला. त्याच्या तळहातात काचेचा तुकडा आरपार गेला होता. तो त्या हाताकडे बघून हसत होता आणि रक्त कोपरावरून खाली गळत होतं. मॅनेजर त्याला बाहेर ओढू लागला, तेव्हा भाऊनं सोड्याची बाटली मॅनेजरच्या कानावर फोडली. मी भाऊला इतका रागावलेला आधी कधी पाहिला नव्हता. खरं म्हणजे तो रागावलेलाही नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षात आमच्या दोन-तीन गल्ल्यांत बटनानं पुष्कळ घरं पोखरली. एका पोरानं गरम इस्त्रीवर हात टेकला आणि मांस जळल्याचा वास आल्यावर घरच्यांना कळलं. एकानं सख्ख्या भावाचा दात दगडानं पाडला. आणि एका सकाळी भाऊनं काकूंवर भरलेला पितळी तांब्या फेकला, कारण त्यांनी त्याच्या उशीखालच्या गोळ्या मोरीत ओतल्या होत्या. काकूंची भुवई फाटली. मी टाके घालायला घेऊन गेलो, तर तिथे त्या म्हणाल्या, “न्हाणीत पाय घसरला.” वाटेत मला म्हणाल्या, “तो नाही वं माय मारत, ते बटन मारते.” ‘वं माय’ बाईला म्हणतात; मी पुरुष आहे याचंही त्यांना त्या क्षणी भान नव्हतं.

गल्लीत एक निवृत्त कंपाउंडर राहत. गोळी म्हणजे काय हे त्यांनाच नीट ठाऊक होतं. ते आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मारुतीच्या देवळात एका डॉक्टरांचं भाषण ठेवलं. मी पत्रकं लिहिली, घरोघर वाटली. भाषणाला आले ते सगळे म्हातारे. त्यांतल्या एकानं शेवटी डॉक्टरांना गुडघेदुखीवर औषध विचारलं.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरकाका ओट्यावर बसून म्हणाले, “लोकं भाषणाले येत नाहीत गा मास्तर. मारबत पाहाले येतात. आपून औंदा बटनाचा बडग्या काढू.”

नागपूरबाहेरच्यांना हे सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती निघतात. बांबू, कागद, चिंध्यांच्या मोठ्या बायका. त्यांच्याबरोबर पुरुषाचे पुतळे असतात, ते बडगे. गावाला जे जे छळतं, महागाई असो, रोगराई असो की लाचखाऊ साहेब, त्याचा बडग्या करतात, बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, उभा करतात, शिव्या देतात, चपला मारतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. एकानं पीडेचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ओरडायचं, “घेऊन जाऽ गे मारबत!” आमच्या गल्लीत आणखी एक पद्धत होती. घरात कोणी आजारी असेल तर त्याच्या अंगावरचं एखादं फडकं मारबतीला बांधायचं, म्हणजे दुखणं तिच्याबरोबर जातं.

मला ही कल्पना फार आवडली. मी शिकलेला, म्हणून घोषणा लिहायचं काम माझ्याकडे आलं. आमचा बडग्या दोन पुरुष उंचीचा झाला. गळ्यात पुठ्ठ्याच्या बशीएवढ्या गोळ्यांची माळ, एका हातात चहाचा कप. पोळ्याच्या सकाळी अंगाला कागद डकवणं चाललं होतं, तेव्हा काकू पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. तो जांभळा शर्ट होता.

“माह्या पोट्ट्याचा हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “बांधून दे कुठंतरी. जाईन त्याची पीडा. त्याले नको सांगू.”

त्यांचं बोलणं साधं होतं, एखाद्या तापकरी लेकराचं झबलं द्यावं तसं. त्यांनी ‘बांध’ म्हटलं होतं. मी तो बडग्याला घातला. पाठीत उसवून, बांबूंवर ताणून. प्रतीक म्हणून तो फार बोलका आहे, असं मला वाटलं. प्रतीक हा शब्द मी कॉलेजात शिकलो होतो. तोंड रंगवणारा पोरगा शर्ट बघून हसला आणि त्यानं बडग्याच्या गालांवर काळेभोर कल्ले काढले. मीही हसलो. कंपाउंडरकाका तेव्हा बंडी पाहायला गेले होते. आल्यावर त्यांनी मान हलवली, “हे बरं नाही दिसून राहिलं,” म्हणाले. पण कागद वाळला होता, बैल सजवायची वेळ झाली होती, आणि ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमची बंडी गल्लीतून निघाली. माझ्या हातात भोंगा होता. चौकात येईपर्यंत इतकी माणसं झाली की बंडी बैलांनी नाही, गर्दीनंच पुढे नेली.

“पोट्ट्यायची बुद्धी खाल्ली ज्यानं!” मी ओरडायचो.

“घेऊन जाऽ गे मारबत!”

“मायच्या अंगावर हात टाकला ज्यानं!”

“घेऊन जाऽ गे मारबत!”

माझा आवाज एवढ्या माणसांवर चालतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गावाकडच्या शाळेत मी मागच्या बाकावर बसणारा.

मग कोणीतरी ओळखलं. “अबे, हा त डिस्को हाय!”

“हाव न बे! कल्ले पाय, कल्ले!”

“मारा डिस्कोले!”

चपला उडू लागल्या. काठ्या वर आल्या. मला लोकांच्या मागे राहायचं नव्हतं. मी भोंगा तोंडाला लावून म्हणालो, “मारा डिस्कोले!” हे मी म्हटलं. दोनदा म्हटलं. त्याचा अर्थ पुतळ्याला मारा असाच होता, पण मी शब्द तेच वापरले.

भाऊ समोरून आला. त्याला शर्ट घरात सापडला नव्हता आणि कोणीतरी त्याला सांगितलं होतं. चालणं पाहूनच मला कळलं की त्यानं बटन घेतलं आहे. पाय जमिनीला विचारून टाकावेत तसे पडत होते. तो सरळ बंडीवर चढला आणि बडग्याच्या अंगातला शर्ट ओढू लागला. बडग्या कलला. खाली हशा पिकला.

“बडग्या जित्ता झाला बे!”

पहिली चप्पल त्याला मस्करीत बसली. दुसरीही. मग त्यानं बडग्याच्या हाताचा बांबू उपसला आणि फिरवला. तो बंडीजवळच्या एका माणसाच्या तोंडावर बसला. त्या माणसाचं नाक एका बाजूला गेलं आणि त्याच्या खांद्यावर बसलेलं लेकरू खाली गर्दीत पडलं. लेकराला काही झालं नाही, कोणीतरी लगेच उचललं, पण त्याची किंकाळी सगळ्यांनी ऐकली. त्यानंतर हसणं थांबलं.

त्यांनी भाऊला पाय धरून खाली ओढला. डोकं बंडीच्या चाकावर आपटलं. काठ्या होत्याच, त्या बडग्यासाठी आणलेल्या. दुसरा कोणी पहिल्या चार फटक्यांत खाली पडला असता, ओरडला असता, हात जोडले असते, आणि लोक थांबले असते. भाऊला दुखतच नव्हतं. तो उठायचा. फटका बसला की पुन्हा उठायचा, रक्तानं भरलेल्या तोंडानं समोरच्याकडे बघायचा, फाटून हातात आलेली शर्टाची बाही सोडायचा नाही. त्याच्या या उठण्यानं लोक आणखी पेटले. एकाची काठी त्याच्या डाव्या डोळ्यात गेली, तरी तो उठला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी फांदी मोडते तसा तो नसतो, तो ओला असतो.

मी भोंग्यातून ओरडलो, “त्याले सोडा!”

आणि लोकांनी सवयीनं उत्तर दिलं, “घेऊन जाऽ गे मारबत!”

“मारू नका! माणूस आहे तो!”

“घेऊन जाऽ गे मारबत!”

मागच्यांना पुढे काय चाललं आहे ते दिसतच नव्हतं. ते फक्त माझ्या आवाजाला आवाज देत होते. मी गप्प बसायला हवं होतं, पण मी ओरडतच राहिलो आणि प्रत्येक ओरडण्याला ती गर्जना मिळत गेली. शेवटी कंपाउंडरकाका गर्दीत घुसले आणि भाऊच्या अंगावर पालथे पडले. त्यांची दोन बोटं मोडली. एका म्हाताऱ्याला आपण मारतो आहोत हे दिसल्यावर काठ्या थांबल्या. बडग्या मात्र थांबला नाही. बंडी पुढे गेली आणि ठरल्याप्रमाणे त्याला गावाबाहेर जाळण्यात आलं.

मी आणि आणखी एकानं भाऊला रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात काकू आम्हाला येऊन मिळाल्या. भाऊ बेशुद्ध होता. डाव्या डोळ्याचं काही उरलं नव्हतं. दंडाचं हाड बाहेर आलं होतं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद भरताना विचारलं, “काही नशापाणी? झोपेच्या गोळ्या वगैरे?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “सुपारीसुद्धा खात नाही.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी माझं मनगट धरलं होतं. मी म्हणालो, “मला माहीत नाही.”

बाहेर व्हरांड्यात काकू म्हणाल्या, “पोलीस केस हाय हे. गोळ्याचं सांगतलं त मारणारे सुटतीन अन् माह्याच पोट्ट्याले धरतीन. तुले माही आन हाय, तोंड उघडू नको.”

ज्या बाईच्या हातचं चार वर्षं खाल्लं तिची शपथ होती. कंपाउंडरकाकांनी नक्की सांगितलं असतं, पण हाताला प्लास्टर घालून त्यांना घरी पाठवलं होतं. मी तोंड उघडलं नाही. त्याच सकाळी इतवारीच्या चौकात मी भोंग्यावरून जे गावाला ओरडून सांगत होतो, ते एका डॉक्टरला, एका खोलीत, हळू आवाजात सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प राहिलो.

दोन दिवसांनी भाऊ शुद्धीवर आला. हातापायांना कंप होता. अंगावर किडे चालतात म्हणून तो सलाईनची सुई ओरबाडून काढत होता. एका वॉर्डबॉयच्या हाताला तो असा चावला की दात मांसात रुतले. त्याला पट्ट्यांनी खाटेला बांधलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला झटका आला. पाठ धनुष्यासारखी वाकली, पट्ट्या ताणल्या गेल्या, मोडलेला हात पट्टीतच पिळवटला आणि जीभ दातांखाली आली. उशीवर लाल फेस. तो ओसरतो तोच दुसरा आला. मग तिसरा.

डॉक्टरीणबाई मोठ्या डॉक्टरांशी बोलून आल्या. “डोक्यात रक्त साकळलं असावं,” त्या म्हणाल्या. “कवटीला भोक पाडून बघावं लागेल. तासाभरात. सही करा.”

काकूंनी अंगठा पुढे केला. अंगठ्याला शाई लागली.

मी म्हणालो, “बाई, तो गोळ्या घेतो. झोपेच्या. वर्षभर, रोज. तीन दिवसांपासून एकही मिळाली नाही.”

“खोटं बोलते!” काकू किंचाळल्या. त्यांनी मला तोंडावर मारलं. शाईचा अंगठा माझ्या गालावर उमटला. “माह्या घरचं खाऊन! माह्या घरचं खाऊन!” त्या मारत राहिल्या आणि मी उभा राहिलो.

“किती घेत होता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, “हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर हे झटके आले नसते. अशी गोळी एकदम बंद करायची नसते, माणूस मरतो.” मग त्या धावत गेल्या. ऑपरेशन थांबलं. इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी आणखी एक झटका आला, रात्रीतून एकही नाही. गोळीचं औषध थोडं थोडं कमी करत त्यांनी पुढच्या कित्येक आठवड्यांत त्याला बटनातून सोडवला. डोळा गेला होता तो गेलाच.

काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. पण डबा मीच आणायचा, कारण दुसरं कोणी नव्हतं.

एक दिवस भाऊ उशीला टेकून बसला होता. काकू मोसंबी सोलत होत्या. त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, “भिवापूर, शर्ट कोनं देल्ता बे?”

काकूंचे हात थांबले नाहीत. साल एका लांब पट्टीत खाली उतरत होती. गल्लीनं त्याला मारलं हे त्यानं पचवलं होतं. गल्ली ती गल्ली. आईनं स्वतःच्या हातानं आपला शर्ट जाळायला दिला, हे त्याला पचलं असतं का? ते कळलं असतं तर खाटेवरून उठल्यावर तो पहिल्यांदा पानठेल्यामागेच, बटनाकडे, गेला असता, असं मला वाटलं. ते बरोबर होतं की चूक, मी अजूनही सांगू शकत नाही.

“मी,” मी म्हणालो. “दोरीवर वाळत होता. मीच काढला.”

“काहून?”

“बडग्याले शोभन, असं वाटलं.”

त्याच्या हाताशी स्टीलचा ग्लास होता. त्यानं तो माझ्या तोंडावर मारला, सगळ्या ताकदीनं. पुढचा दात तुटून माझ्या जिभेवर आला. “मी तुले पँट देली बे!” तो ओरडला. “नोकरीले जाताना माही पँट देली तुले! निंग इथून!” वॉर्डातले सगळे रोगी उठून बसले. मी दात रुमालात घेतला आणि निघालो. काकूंनी मान वर केली नाही. दारातून मी वळून पाहिलं, तेव्हा त्या मोसंबीची फोड त्याच्या तोंडाशी नेत होत्या आणि तो ती खात होता.

त्याच आठवड्यात मी खोली सोडली. पुढे मंडळानं मला पुन्हा कधी भोंगा धरायला लावला नाही, मीही धरला नसता. कंपाउंडरकाका आणि मी, दोघंच, दुपारच्या वेळी बायका घरी असताना घरोघर जायचो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोनच गोष्टी सांगायचो. पोरगा गोळ्या घेत असेल तर एकदम बंद करू नका. आणि दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला खरं सांगा, पोलिसाला काय सांगायचं ते नंतर बघू. बहुतेक घरांत उत्तर मिळायचं, “आमच्या घरी तसं काही नाही गा भाऊ.” एका बापानं मला गचांडी धरून पायऱ्यांवरून ढकललं. पण त्याच घरातून दोन दिवसांनी बाई कंपाउंडरकाकांकडे गेली, हेही खरं.

भाऊ सुटला. त्यानं बटन पुन्हा घेतलं नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं. रस्त्यात दिसला की तो मान फिरवायचा, आणि चांगला डोळा माझ्या बाजूला असेल तर आधीच. आईला मात्र त्यानं शेवटपर्यंत नीट सांभाळलं. काकू मला एकदाच भेटल्या, इतवारीच्या बाजारात. त्यांनी माझ्या तुटक्या दाताकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला.

काकू गेल्या तेव्हा मी गेलो. खांदा देताना मागचा एक माणूस कमी होता. मी पुढे झालो. भाऊनं पाहिलं, पण अडवलं नाही. आता त्या नाहीत, म्हणून हे लिहिलं. शर्ट तुझ्या आईनं दिला होता, भाऊ. बांधायला दिला होता, तुझी पीडा जावी म्हणून. घातला मी.